क्षमा कोणी करावी?

गेल्या दिवाळीच्या आधी जुन्या ट्रंकेतील कागदांची आवराआवर करताना माझ्या आत्याच्या मृत्यूचा दाखला हाती लागला. १९७४ सालचा, पिवळा पडलेला, घडीवर विरलेला. कारणाच्या रकान्यात हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद आहे. ती खोटी म्हणता येणार नाही, कारण मरणाऱ्या प्रत्येकाचे हृदय बंदच पडते. पण ती खरीही नाही, हे आमच्या घरातील चार माणसांना ठाऊक होते आणि पाचव्या एका माणसाला ठाऊक होते. त्या पाचांपैकी आज मी एकटा उरलो आहे, म्हणून हे लिहावयास हरकत नसावी.

अकाली वैधव्य आल्यावर आत्या लष्करातील आमच्या घरी परतली आणि आम्हा भावंडांना खरे पाहता तिनेच वाढविले. त्या दिवशी तिला ताप होता, घसा आला होता. नेहमीचे डॉक्टर संध्याकाळी घरी आले. आमच्या तीन पिढ्यांना त्यांनी तपासले होते; त्यांच्या घरच्या मंगळागौरीला आई जात असे आणि आमच्या गणपतीच्या आरतीला ते न चुकता येत. त्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले. दोन वर्षांपूर्वी याच औषधाने आत्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, आणि ही गोष्ट खुद्द डॉक्टरांच्याच वहीत त्यांच्याच अक्षरात टिपलेली होती. त्या संध्याकाळी वही दवाखान्यात होती. त्यांनी विचारले नाही, आम्हांलाही आठवले नाही. अर्ध्या तासाच्या आत सारे संपले.

तेराव्या दिवशी डॉक्टर आले. ओसरीवर खुर्ची ठेवली होती, तरी ते पायरीवरच बसले. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, म्हणाले, "अण्णासाहेब, मी विचारावयास हवे होते. विचारले नाही." अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही होऊन सांगितलेत, यात सारे आले. आता हा विषय पुन्हा नको." आईने चहा आणला. डॉक्टरांनी तो घेतला. त्यानंतरही वीस वर्षे तेच आमचे डॉक्टर होते.

पुष्कळ वर्षे मला हा प्रसंग अण्णांच्या मोठेपणाचा वाटत आला. डॉक्टरांच्याही. चूक मान्य करावयास जे धैर्य लागते ते आज मोठमोठ्या रुग्णालयांच्या काचेच्या दारांआड क्वचितच दिसते, आणि मान्य केलेली चूक पोटात घालावयास जे मन लागते तेही दुर्मीळच. परंतु अलीकडे, त्या दाखल्यावरची नोंद पुन्हा पुन्हा वाचताना, एक प्रश्न मला सोडीत नाही. अण्णांनी क्षमा केली ती कोणत्या अधिकाराने?

आत्यावर झालेल्या अन्यायाची क्षमा करावयाची तर ती आत्यानेच करावयाची. ती तर गेली होती. बहिणीच्या मृत्यूने भावाला जे दुःख झाले, त्या दुःखापुरती क्षमा अण्णांची होती आणि तिच्यावर मी बोट ठेवणार नाही. पण त्या चुकीत आणखी कोणाचा तरी वाटा होता. उद्या, परवा, पुढच्या वर्षी त्याच दवाखान्याच्या बाकावर बसणारी जी माणसे होती, त्यांच्या वतीने अण्णांनी काहीही न विचारता माफी देऊन टाकली. सहा-सात वर्षांनी जनकगंजाकडच्या एका घरात त्याच डॉक्टरांच्या हातून असाच काही प्रकार झाल्याचे कानावर आले. त्यातले खरे-खोटे मला माहीत नाही आणि दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचे पाप मी करणार नाही. मात्र ती बातमी आली त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, एवढे मी पाहिले आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी समाजाची वीण ज्यांना ठाऊक आहे त्यांना अण्णांचे वागणे समजावून सांगावे लागणार नाही. महादजींच्या आणि दौलतरावांच्या मागून आलेली घरे, बाड्याच्या आसपास वसलेली, एकमेकांत सोयरिकी करीत राहिलेली. १९४६ साली येथे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा आपल्यापैकी अनेकांना ते आपल्या घरचेच कार्य वाटले असणार. जयारोग्य रुग्णालयात ओळखीचा डॉक्टर असणे ही आजही या शहरात एक मालमत्ता समजली जाते. अशा ठिकाणी डॉक्टरविरुद्ध तक्रार करणे म्हणजे चारचौघांत आपल्याच पंगतीतून एकाला उठविणे. ते आपल्याला जमत नाही. 'आपला माणूस' या दोन शब्दांत जेवढी ऊब आहे तेवढाच अंधारही आहे, असे मला वाटू लागले आहे.

आता याच्या अगदी उलट वागलेल्या एका पित्याची गोष्ट सांगतो. ती कायद्याच्या पुस्तकांत आहे, आणि वकिली शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ती 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने वाचतो.

१९५३ सालच्या मे महिन्याची ६ तारीख. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी आनंद गोडबोले या विशीतल्या मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. तेथून सुमारे दोनशे मैल टॅक्सीतून त्याला पुण्यास नेले. ९ मे रोजी तो तेथील एका नामांकित शल्यविशारदाच्या रुग्णालयात दाखल झाला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, दौंडला त्यांचा व्यवसाय होता. उपचार झाले, मुलगा लवकरच गुंगीतून बाहेर येईल असे आश्वासन मिळाले, आणि त्या भरवशावर वडील दौंडला परतले. रात्री नऊच्या सुमारास मुलगा वारला. दाखल्यावर कारण लिहिले गेले ते असे, की मोडलेल्या हाडातील चरबी रक्तात मिसळून तिने रक्तप्रवाह अडविला.

बापाने ते कारण मानले नाही. तो डॉक्टर असल्यामुळेच मानले नाही, असेही म्हणता येईल. नुकसानभरपाईचा दावा झाला. खालच्या न्यायालयाने असा निष्कर्ष काढला की पुरेशी भूल न देता, हाताने जोर लावून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मृत्यू आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानेही शल्यविशारदाचे अपील फेटाळले. याच निकालपत्रात डॉक्टरच्या कर्तव्याची ती सुप्रसिद्ध त्रिसूत्री आली आहे: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना दक्षता, कोणता उपचार करावा हे ठरविताना दक्षता, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना दक्षता. उपचार कोणता करावा याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, निकडीच्या वेळी ते अधिकच आहे, हेही न्यायालयाने तेथेच सांगून ठेवले.

भरपाई किती मिळाली? ३,००० रुपये. मुलाच्या मृत्यूपासून अखेरच्या निकालापर्यंत पंधरा वर्षे गेली. तीन हजारांसाठी कोणी पंधरा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत नाही. त्या पित्याच्या मनात काय होते हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु त्याला मिळाले ते काय, हे निकालपत्रात दिसते. दाखल्यावर लिहिलेले कारण तीन न्यायालयांनी बाजूला सारले आणि त्याच्या मुलाच्या मृत्यूचे कारण अधिकृतपणे बदलले गेले. माझ्या हातातला दाखला मात्र तसाच आहे.

येथे कोणी म्हणेल, की हा तर पैशाचा दावा झाला. डॉक्टरच्या व्यवसायावर त्याने काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे. चुकलेल्या डॉक्टरला जाब विचारण्याची आपल्याकडे तीन दारे आहेत. फौजदारी न्यायालयाचे दार सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात बरेच अरुंद केले. घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय आणि दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय त्यातून जाता येत नाही, आणि ते योग्यच झाले. ग्राहक न्यायालयाचे दार १९९५ पासून उघडे आहे. तेथे पैसे मिळतात. तिसरे दार मेडिकल कौन्सिलचे. तेथे पैसा मिळत नाही, तुरुंगही नाही. तेथे डॉक्टरला ताकीद मिळते, किंवा त्याचे नाव काही काळापुरते अथवा कायमचे नोंदवहीतून काढले जाते. तिन्हींत हेच दार सर्वांत कमी ठोठावले जाते आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

कारण नोंदवहीतील नाव ही डॉक्टरची मिळकत नव्हे. दुसऱ्याच्या अंगात सुई टोचण्याचा, त्याचे पोट फाडण्याचा, त्याच्या पत्नीला एकान्तात तपासण्याचा अधिकार समाज कोणालाही सहजी देत नाही. सामान्य माणसाने हेच केले तर तो गुन्हा होतो. तो गुन्हा ज्यांच्यापुरता गुन्हा राहत नाही त्यांची यादी म्हणजे ती नोंदवही. सुश्रुताने शिष्याची विद्या पूर्ण झाल्यावरही राजाची अनुज्ञा मिळाल्याखेरीज त्याने वैद्यकीला आरंभ करू नये असे सांगितले आहे, त्यामागे हीच जाण असावी. कौटिल्याने तर वैद्यांचा विचार कंटकशोधनाच्या अधिकरणात, विणकर, परीट, सोनार यांच्या पंक्तीला बसवून केला आहे. आपल्या डॉक्टर मित्रांना हे फारसे रुचणार नाही. पण त्यातली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जिवावर बेतणारा उपचार न कळविता सुरू केला आणि रोगी दगावला तर एक दंड. उपचारातील दोषाने दगावला तर त्याहून वरचा दंड. म्हणजे उपचार चुकला नसला तरी न सांगणे हाच एक स्वतंत्र अपराध. ही दृष्टी दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

दिलेला अधिकार परत घेण्याचे काम मात्र आज समाज स्वतः करीत नाही. ते त्याने व्यवसायाकडेच सोपविले आहे. इंग्लंडात १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल आले, मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने, आणि पुढे प्रांतोप्रांती हीच पद्धत रुजली. तिच्यामागची कल्पना चुकीची नव्हती: डॉक्टरच्या कामाची पारख डॉक्टरलाच होणार. शस्त्रक्रिया करताना कोणता धोका अटळ होता आणि कोणता टाळता आला असता, हे मला किंवा तुम्हांला कसे कळावे? पण पारख करणारा आणि पंगतीला बसणारा एकच असला की काय होते, हे आपल्या लष्करातल्या लोकांना मी सांगावयाला नको.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर झाले. कोकणात विंचू चावून पटापट मरणारी माणसे त्यांच्या उपचाराने वाचू लागली. या माणसाने २०१३ साली दुसऱ्याच एका विंचवाची नांगी धरली. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय तपासणीसाठी पुण्याला पाठविले होते. काही दिवसांनी तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावे १,२०० रुपयांचा धनादेश आला. आपल्याकडे याला 'कट' म्हणतात, आणि २००२ च्या आचारसंहितेने तो स्पष्टपणे निषिद्ध ठरविला आहे. बावस्करांनी तो परत पाठविला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे रीतसर तक्रार केली. रक्कम क्षुल्लक, पण एका डॉक्टरने उघडपणे, नावानिशी, लेखी तक्रार करावी ही घटना इतकी विरळा ठरली की वर्तमानपत्रांना तिची बातमी करावीशी वाटली. यातच सारे आले. पुढे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून एक पुस्तक सिद्ध केले, तेव्हा त्याच व्यवसायातील सद्सद्विवेक शाबूत असलेली माणसे किती घुसमटलेली आहेत हे बाहेर आले. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली 'कट'विरोधी कायद्याचा मसुदाही करविला. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

मुळात 'कट'विरुद्ध रुग्ण तक्रार कशी करणार? त्याला ते कळतच नाही. आणि जेथे कळते तेथे कधी कधी रुग्णाचे घरच त्यात सामील असते. परळीच्या सुदाम मुंडेचे प्रकरण २०१२ साली एका गर्भवतीच्या मृत्यूने बाहेर आले. गर्भलिंगनिदान, गर्भपात, दोन्हींबद्दल पुढे शिक्षा झाल्या. २०१९ साली सत्र न्यायालयाने दहा वर्षांची सुनावली. वैद्यकी करण्याचा अधिकार गेलेला हा मनुष्य २०२० साली पुन्हा दवाखाना चालवीत असल्याच्या आरोपावरून पकडला गेला. नाव पुसले तरी हात चालूच राहू शकतो, हे त्यातले एक भय. दुसरे भय अधिक खोल आहे. इतकी वर्षे त्याच्या दारात जी रांग लागे ती कोणाची होती? सासू, नवरा, कधी स्वतः ती स्त्रीसुद्धा. त्यांपैकी तक्रार करणार कोण? ज्या मुलींवर अन्याय झाला त्या जन्मलेल्याच नव्हत्या. आपल्या चंबळ खोऱ्यातही मुरैना, भिंडकडे मुलींची संख्या जनगणनेत कशी खाली गेलेली दिसली हे आपण जाणतो. परळीकडे बोट दाखविताना उरलेली बोटे कोठे वळतात ते पाहावे. जेथे घरच्यांनीच क्षमा, नव्हे आभारच, देऊन टाकले आहेत तेथेही अपराध अपराधच राहतो. मग 'घरच्यांची हरकत नाही' हे उत्तर अण्णांच्या ओसरीवर तरी पुरेसे कसे झाले?

तथापि दुसरी बाजू मांडल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. माझा पुतण्या डॉक्टर आहे. त्याला हा लेख वाचावयास दिला तेव्हा तो म्हणाला, "काका, प्रत्येक चुकीला नाव पुसायचे ठरविलेत तर चूक कबूल कोण करील? तुमचे ते डॉक्टर पायरीवर येऊन बसले असते का?" मला क्षणभर उत्तर सुचले नाही. त्याने मला हदीझा बावा-गार्बा या इंग्लंडमधील तरुण डॉक्टर स्त्रीची हकीकत सांगितली. २०११ साली लेस्टरच्या रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा दगावला. वरिष्ठ जागेवर नव्हते, संगणकयंत्रणा बंद पडली होती, कामाचा भार अनेकांचा एकीवर आलेला. चुका तिच्याकडून झाल्या होत्या. २०१५ साली ती फौजदारी न्यायालयात दोषी ठरली. व्यावसायिक न्यायाधिकरणाने तिला एका वर्षासाठी निलंबित केले. ते अपुरे वाटून कौन्सिलच अपिलात गेले आणि जानेवारी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तिचे नाव पुसावयाचा निर्णय दिला. तेथील डॉक्टरमंडळी हादरली. चुकांवरचे आपले प्रांजळ चिंतन कागदावर लिहावे की नाही, अशी धास्ती त्यांना पडली. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तिचे नाव परत केले. पण त्या मुलाच्या आईबापांना त्या दिवशी काय वाटले असेल?

पुतण्याचे म्हणणे मी मान्य करतो, पण अर्धे. हात चुकणे आणि चुकलेला हात पाठीमागे लपविणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला शिकवण हवी, देखरेख हवी, प्रसंगी काही काळाची विश्रांती हवी. नाव पुसावयाचे ते दुसरीसाठी. खाडाखोड केलेला केसपेपर, मागाहून लिहिलेली नोंद, नातेवाइकांना न दिलेले कागद. २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाने मागितल्यास त्याचे कागद ७२ तासांच्या आत द्यावेत असे बंधन आहे. वाचकांपैकी किती जणांना ते माहीत आहे? मला पासष्टी उलटेपर्यंत नव्हते. आमच्या एका आप्तांच्या आजारपणात येथून दूरच्या शहरातील एका मोठ्या रुग्णालयाने आम्हांला तीन आठवडे कागदांसाठी फिरविले आणि शेवटी जे दिले त्यात मधली चार पाने नव्हती. त्या चार पानांवर कदाचित काहीच नसेल. पण ती नाहीत म्हणून आम्ही आजही त्यांच्याविषयीच बोलतो, गेलेल्या माणसाविषयी कमी बोलतो.

या मापाने आमचे डॉक्टर कोठे उभे राहतात? त्यांनी लपविले नाही, अण्णांना सांगितले. आणि तरीही लपविले, कारण दाखल्यावर लिहिले नाही. खासगीत खरे आणि कागदावर भलतेच, असा तो दुभंग होता आणि अण्णांनी त्यावर आपली संमतीची मोहर उठविली. ओसरीवरची कबुली कितीही हृद्य असली तरी तिच्यातून पुढच्या रुग्णापर्यंत काही पोहोचत नाही. तिला ऐकणारा कोणी तिऱ्हाईत हवा होता. कौन्सिल म्हणून जे काही आहे, ते माझ्या समजुतीने त्या तिऱ्हाइताची खुर्ची आहे. तेथे डॉक्टरला भेटणारा माणूस मृताचा भाऊ नसतो आणि डॉक्टरचा मित्रही नसावयास हवा. पुढच्या रुग्णाच्या वतीने बसलेला माणूस तेथे हवा.

प्रत्यक्षात ती खुर्ची कशी आहे हे पाहिले की मन खट्टू होते. येथील तक्रार भोपाळला न्यावी लागते; चारशे किलोमीटर, आणि एकदा जाऊन भागत नाही. निर्णय सहा महिन्यांत व्हावा असे २००२ च्या नियमांत लिहिलेले आहे, ते वाचून अनुभवी लोक नुसते हसतात. राष्ट्रीय स्तरावरील मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष २०१० साली लाचेच्या आरोपावरून पकडले गेले, परिषद बरखास्त झाली, आणि २०२० साली तिच्या जागी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आला. त्या आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात, तिसाव्या कलमात, राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध वर अपील करण्याचा अधिकार लिहिला गेला तो व्यथित झालेल्या डॉक्टरचा. रुग्णाचा, त्याच्या विधवेचा, त्याच्या बापाचा उल्लेख त्यात नाही. याआधी २००४ पासून तो अधिकार तक्रारदारालाही होता. नव्या कलमाचा आधार घेऊन रुग्णांकडील अपिले परत पाठविली गेली. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होते हे यावरून दिसते. डॉक्टरला शिक्षा होणे ही डॉक्टरचीच गोष्ट, असे त्यांनी धरले. गोडबोल्यांसारखा बाप त्यांच्या हिशेबात नव्हता, आणि त्या बाकावर उद्या येऊन बसणारा तर नव्हताच.

इंग्लंडातही हे सहजी सुधारले नाही. हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरने आपल्याच रुग्णांचे खून केले आणि २००० साली तो दोषी ठरला. त्यानंतरच्या चौकशीने कौन्सिलवर असा ठपका ठेवला की ते रुग्णांपेक्षा डॉक्टरांना सांभाळण्यात अधिक गुंतले होते. २००९ पासून तेथे निम्मे सभासद डॉक्टर नसलेले असतात. आपल्याकडे असे व्हावे असे मला वाटते. मात्र डॉक्टर नसलेले ते सभासद कोणी नेमावयाचे, या प्रश्नाशी आले की माझा उत्साह मावळतो. नेमणुका कशा होतात ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

अण्णांना मी हे सारे कधी बोललो नाही. ते असताना मला हे सुचलेच नव्हते. १९९६ साली ते गेले. त्या ट्रंकेत आत्याच्या दाखल्याखाली आमच्या सर्वांच्या आजारपणांचे कागद त्यांनी सुतळीने बांधून ठेवलेले सापडले: डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, आईच्या मोतीबिंदूचे कार्ड, माझ्या हाताच्या क्ष-किरणाचे पाकीट. १९७४ नंतरच्या एकूण एक कागदावर, वरच्या कोपऱ्यात, अण्णांच्या मोडीवळणाच्या अक्षरात लाल शाईने एकच ओळ आहे. 'पेनिसिलिन देऊ नये. विचारून घ्यावे.' आम्हा भावंडांपैकी कोणालाही पेनिसिलिनचा त्रास कधी नव्हता.